धंदा बुडतो तेव्हा : ऋणको, धनको आणि कायदा



तुळजापूरच्या मंदिर परिसरात कुंकू, बांगड्या, कवड्यांच्या माळा आणि प्रसाद विकणारी दुकाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे मंदिराची दारे भाविकांसाठी बंद झाली. ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळी पाडव्याला उघडली. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेला पुन्हा उघडली. या दीड वर्षात एक शारदीय नवरात्र आणि दोन चैत्री यात्रा दुकानदारांच्या हातून गेल्या. भाडे, वीजबिल आणि उधारीवर भरलेल्या मालाचे देणे मात्र कोणासाठी थांबले नाही.

त्याच काळात केंद्र शासनाने एक मोठा निर्णय घेतला होता. २५ मार्च २०२० पासून पुढील एक वर्षात जी थकबाकी निर्माण होईल, तिच्यासाठी कोणत्याही कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करता येणार नाही, असे ठरले. वृत्तपत्रांतून त्याचे स्वागत झाले. परंतु तुळजापूरच्या बांगडीवाल्याला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. ज्या कायद्याला ही स्थगिती मिळाली, तो कायदा मुळात त्याच्यासाठी नव्हताच.

हा विरोधाभास नीट समजून घेण्याची आज गरज आहे. धाराशिव जिल्ह्यातील आठही तालुक्यांत व्यवसाय आहेत. भूमच्या परिसरात खव्याच्या भट्ट्या आहेत, उमरग्याला महामार्गावरचा व्यापार आहे, कळंबला आडत आहे, गावोगावी कृषी सेवा केंद्रे आहेत. यातील बहुतेकांचा मालक एकटा असतो, नाहीतर भावाभावांची भागीदारी असते. पाऊस हुकला की शेतकऱ्याची उधारी अडकते आणि शेतकरी अडकला की बाजारपेठ अडकते. २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत या जिल्ह्याचाही समावेश होता. अशा जिल्ह्यात धंदा बुडणे हा काही जगावेगळा प्रसंग नाही. तरीही तो आला की माणूस तोंड लपवतो, आणि तोंड लपवण्यातच कायद्याने दिलेल्या मुदती निघून जातात.

शब्दाची लाज

'दिवाळे' या शब्दामागे एक जुनी रीत सांगितली जाते. देणी फेडणे अशक्य झाले की व्यापारी दिवसाढवळ्या दुकानात दिवा लावून ठेवी आणि तो दिवा पाहून धनको काय ते समजत. युरोपीय भाषांतील 'बँक्रप्ट' हा शब्द इटलीतील सराफांच्या मोडलेल्या बाकावरून आला असे मानतात. दोन्हीकडे मूळ कल्पना एकच आहे. आपल्याला देणे झेपत नाही, हे व्यापाऱ्याने उघडपणे जाहीर करायचे. म्हणजे दिवा लावणे ही मूळची प्रामाणिकपणाची कृती होती. आज ती शिवी झाली आहे.

भारतीय परंपरेने ऋण फेडण्याला धर्म मानले. त्याच परंपरेने धनकोच्या हावेलाही वेसण घातली, हे मात्र अनेकदा विसरले जाते. कौटिल्याने 'अर्थशास्त्रा'त शंभर पणांवर महिना सव्वा पण हे धर्म्य व्याज ठरवून दिले. व्याज मुद्दलापेक्षा अधिक होता कामा नये, हा दामदुपटीचा नियम स्मृतिकारांनी सांगितला आणि इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो मानला. महाराष्ट्राच्या सावकारीविषयक कायद्यातही त्याचे तत्त्व टिकून आहे. ऋणकोने सचोटी राखावी आणि धनकोने मर्यादा राखावी, अशी ती दुहेरी व्यवस्था होती.

ही मर्यादा सुटली की काय होते, हे शेजारच्या मुलखाने पाहिले आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हिसकावून जाळले. दंगा गावोगावी पसरला. त्याची चौकशी होऊन १८७९ मध्ये दख्खनचा शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी होता. कर्जापायी शेतकऱ्याला कैद करण्याची पद्धत त्याने थांबवली आणि शेतकऱ्याला नादारी मागण्याची तरतूदही केली. धाराशिव त्या काळी निजामाच्या राज्यात होता, म्हणून तो कायदा सोलापूरच्या सीमेवरच थांबला. कायद्याने दिलासा द्यावा आणि तो नेमका या जिल्ह्याच्या वेशीबाहेर राहावा, हा अनुभव येथे नवा नाही.

पहिला प्रश्न : धंदा कोणाच्या नावावर आहे?

अडचणीत आलेल्या व्यावसायिकाने सर्वप्रथम एकच गोष्ट तपासावी. कायद्याच्या दृष्टीने त्याचा व्यवसाय कोणत्या स्वरूपाचा आहे? पुढचे सर्व मार्ग या उत्तरावर अवलंबून असतात.

एकल मालकीच्या धंद्यात दुकान आणि माणूस कायद्याने एकच असतात. दुकानाचे देणे हे मालकाचे देणे. त्याची शिल्लक, त्याचा प्लॉट, त्याची मोटारसायकल, सारे त्या देण्यास बांधलेले असते. भागीदारीत प्रत्येक भागीदार संपूर्ण देण्यास जबाबदार असतो. दोन भावांपैकी एकाकडे काही उरलेच नाही, तर धनको दुसऱ्याकडून पूर्ण रक्कम वसूल करू शकतो. खासगी मर्यादित कंपनी, एकव्यक्ती कंपनी आणि मर्यादित दायित्व भागीदारी यांत मात्र संस्था वेगळी आणि माणूस वेगळा असतो. संस्थेचे देणे सामान्यतः संस्थेच्या मालमत्तेपुरतेच राहते.

मात्र येथे एक मोठी मेख आहे. बँक कर्ज देताना संचालकांची वैयक्तिक हमी घेते. ती सही झाली की मर्यादित दायित्वाची भिंत त्या कर्जापुरती कोसळते. १ डिसेंबर २०१९ पासून कंपन्यांच्या अशा वैयक्तिक हमीदारांना नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कक्षेत आणण्यात आले आणि २१ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना वैध ठरवली. तेव्हा पत्नीची किंवा भावाची सही 'केवळ औपचारिकता' म्हणून घेणाऱ्याने आपण काय मागत आहोत याचा विचार करावा, आणि सही करणाऱ्यानेही करावा.

कंपनी असेल तर

नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ मध्ये संमत झाली. कंपनी व मर्यादित दायित्व भागीदारी यांच्यासाठी ती राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे चालते आणि महाराष्ट्रासाठी हे न्यायाधिकरण मुंबईत आहे. बँकेसारखा वित्तीय धनको, माल पुरवणारा धनको किंवा स्वतः कंपनी, यांपैकी कोणीही अर्ज करू शकतो. आरंभी एक लाख रुपयांची थकबाकी त्यासाठी पुरेशी होती. २४ मार्च २०२० पासून ही मर्यादा एक कोटी रुपये करण्यात आली. अर्ज दाखल करून घेतला की कंपनीविरुद्धच्या दाव्यांना व वसुलीला स्थगिती मिळते. त्याच वेळी संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होतात आणि कारभार निराकरण व्यावसायिकाच्या हाती जातो. ठरलेल्या मुदतीत कंपनी वाचवण्याची योजना धनकोंनी मान्य केली नाही, तर कंपनी अवसायनात जाते.

लहान उद्योजकाला हा कारभार सोडून देणेच जड जाते. म्हणून एप्रिल २०२१ मध्ये सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांसाठी पूर्वनियोजित निराकरणाची निराळी वाट तयार करण्यात आली. त्यासाठी थकबाकीची किमान मर्यादा दहा लाख रुपये ठेवली गेली. मालक आणि त्याचे धनको आधी आपसात बोलतात आणि मूलभूत योजना तयार करतात. मूल्याने किमान ६६ टक्के वित्तीय धनकोंची संमती मिळाली की प्रकरण न्यायाधिकरणापुढे जाते. या काळात धंदा मालकाच्याच हाती राहतो आणि १२० दिवसांत प्रक्रिया पूर्ण होणे अपेक्षित असते. परंतु ही वाटही कंपनी व मर्यादित दायित्व भागीदारी यांच्यासाठीच आहे. एकल मालकाला ती खुली नाही.

एकटा मालक असेल तर

२०१६ च्या संहितेत व्यक्ती आणि भागीदारी संस्था यांच्यासाठी तिसरा भाग लिहिलेला आहे. पण वर सांगितलेल्या हमीदारांचा अपवाद सोडला, तर तो भाग आजवर अंमलात आलेला नाही. त्यामुळे व्यक्तीच्या दिवाळ्याचा कारभार अजून इंग्रजी काळातील दोन कायद्यांच्या चौकटीत अडकला आहे. १९०९ चा कायदा मुंबई, कोलकाता व चेन्नई या इलाख्यांच्या राजधान्यांसाठी झाला आणि १९२० चा कायदा प्रांतांसाठी झाला. दुसऱ्या कायद्यात जिल्हा न्यायालयाला अधिकार दिले आहेत.

या जुन्या कायद्याची चौकट मात्र विचारपूर्वक आखलेली आहे. देणी पाचशे रुपयांची झाली आणि ती फेडणे शक्य नसेल, तर ऋणको स्वतः नादारीचा अर्ज करू शकतो. १९२० मध्ये पाचशे रुपये ही मोठी रक्कम होती, आज ती मर्यादा नावापुरतीच उरली आहे. न्यायालयाने नादार ठरवले की मालमत्ता न्यायालयाच्या किंवा प्रापकाच्या ताब्यात जाते, साध्या धनकोंना परवानगीशिवाय स्वतंत्र दावे करता येत नाहीत आणि मालमत्तेतून येणारी रक्कम त्यांच्यात प्रमाणात वाटली जाते. अटकेपासून संरक्षणही मागता येते. शेवटी न्यायालय मुक्ततेचा आदेश देते आणि माणूस पुन्हा आयुष्य सुरू करू शकतो.

तथापि या छत्रालाही मर्यादा आहेत. तारण घेतलेल्या बँकेचा त्या तारणावरील हक्क नादारीने थांबत नाही. शासनाचे देणे, कपटाने घेतलेले कर्ज आणि पोटगी यांतून सुटका नाही. मालमत्ता लपवणे हा गुन्हा आहे. नादार ठरण्यापूर्वीच्या दोन वर्षांत मेहुण्याच्या किंवा मुलाच्या नावे फुकट केलेले हस्तांतर रद्द होऊ शकते. तीन महिन्यांत एकाच धनकोला झुकते माप देऊन केलेली फेडही रद्द होऊ शकते. पूर्ण मुक्तता देताना न्यायालय तीन वर्षांची हिशेबाची पुस्तके होती की नाही, उधळपट्टी किंवा जुगार झाला का, हे पाहते. रुपयामागे आठ आणेही उरले नसतील, तर ते ऋणकोच्या दोषामुळे की दैवगतीने, याचा विचार न्यायालय करते. शंभर वर्षांपूर्वीच्या या तरतुदींत एकच कसोटी आहे. हा माणूस बुडाला, की त्याने बुडवले?

नादारीपूर्वीचा महत्त्वाचा काळ

नादारी हा शेवटचा दरवाजा होय. त्याआधीचे दरवाजे अधिक उपयोगाचे आहेत आणि ते ठरावीक काळच उघडे असतात.

हप्ता चुकला की बँक खात्याला तणावाखालील खाते म्हणून नोंदवू लागते. ३० दिवस, ६० दिवस आणि ९० दिवस असे तीन टप्पे आहेत. ९० दिवस उलटले की खाते अनुत्पादक होते आणि बँकेच्या शाखाधिकाऱ्याचा सूर बदलतो. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांसाठी केंद्र शासनाने २९ मे २०१५ रोजी पुनरुज्जीवनाची चौकट अधिसूचित केली आणि रिझर्व्ह बँकेने मार्च २०१६ मध्ये व्यापारी बँकांना तिच्या अंमलबजावणीचे निर्देश दिले. २५ कोटी रुपयांपर्यंतची कर्जे तिच्यात येतात. दहा लाखांपर्यंतच्या खात्याचा विचार शाखेने स्वतः करायचा आणि त्यावरचे खाते बँकेच्या समितीकडे पाठवायचे, असे त्यात ठरले. समितीपुढे तीन पर्याय असतात : त्रुटी दूर करून खाते सुरळीत करणे, कर्जाची पुनर्रचना करणे आणि तेही शक्य नसेल तर वसुली. उद्योजक स्वतःहूनही अर्ज करू शकतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये 'प्रो निट्स विरुद्ध कॅनरा बँक' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही चौकट बँकांवर बंधनकारक असल्याचे सांगितले. त्याच निकालात न्यायालयाने उद्योजकालाही जबाबदारीची जाणीव दिली. आपण सूक्ष्म-लघू उद्योग आहोत हे त्याने कागदपत्रांसह वेळेत मांडले पाहिजे. जप्तीची कारवाई टोकाला गेल्यावर अचानक तो हक्क सांगता येणार नाही. म्हणजे उद्यम नोंदणी आणि वेळेवर दिलेला लेखी अर्ज, या दोन कागदांवर कारखान्याचे भवितव्य ठरू शकते.

अर्ज न करणाऱ्याकडे पुढे २००२ च्या सरफेसी कायद्याची नोटीस येते. ती ६० दिवसांची असते. तिला लेखी हरकत घेता येते आणि बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणे आवश्यक असते. ताबा घेण्याची कारवाई झाली, तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगर येथे हे न्यायाधिकरण आहे. शेतजमिनीचे तारण या कायद्यातून वगळलेले आहे. एक मुदत विशेष ध्यानात ठेवावी : २०१६ च्या सुधारणेनंतर, संपूर्ण देणे भरून तारण सोडवण्याचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. तडजोड करायची तर ती त्यापूर्वी करावी.

सहकारी बँका व पतसंस्था यांची वाट थोडी निराळी आहे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातील कलम १०१ खाली त्या वसुलीचा दाखला मिळवतात आणि त्यावर कर्जदार व जामीनदार या दोघांविरुद्ध जप्ती होऊ शकते. शिवाय ५ मे २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने सहकारी बँकांचा सरफेसी वापरण्याचा अधिकारही मान्य झाला आहे. कलम १०१ च्या नोटिशीला हजर न राहणे ही ग्रामीण भागातील सर्वांत महागडी चूक आहे. गैरहजेरीत दाखला निघतो आणि हिशेबावर बोलण्याची पहिली संधी वाया जाते.

एक कल्पित हिशेब

समजा, भूम तालुक्यातील एका खवा भट्टीचालकाची देणी अशी आहेत : बँक १८ लाख, पतसंस्था ४ लाख, दूध घालणारे शेतकरी ३ लाख, खासगी सावकार २ लाख, एकूण २७ लाख रुपये. त्याचा भट्टीचा प्लॉट १५ लाखांचा व यंत्रे ६ लाखांची, दोन्ही बँकेकडे तारण. शहरांतील मिठाईवाल्यांकडून येणे ५ लाख. एकूण २६ लाख रुपये.

कागदावर तो केवळ एक लाखाने बुडीत आहे. परंतु घाबरून त्याने सावकाराकडून आणखी दोन लाख उचलले, बँकेचे पत्र न फोडता कपाटात टाकले आणि वर्षभर वाट पाहिली, तर चित्र पालटते. व्याज चढते, बंद भट्टीतील यंत्रे गंजतात, लिलावात प्लॉटला १५ ऐवजी ११ लाख येतात. बँकेचे तारण बँकेलाच पुरत नाही आणि दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांच्या हाती काहीच पडत नाही.

याउलट त्याने पहिल्याच दोन महिन्यांत बँकेकडे पुनर्रचनेचा अर्ज केला, किंवा बँकेच्या संमतीने प्लॉट आणि यंत्रे स्वतः गिऱ्हाईक पाहून विकली, तर बँकेचे १८ लाख फिटून ३ लाख हाती राहतात. मिठाईवाल्यांकडील येणे वसूल करण्यासाठीही कायदा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघू उत्पादकाला ४५ दिवसांच्या आत पैसे मिळालेच पाहिजेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागते आणि सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. ते पाच लाख आले की आठ लाख रुपये होतात. उरलेल्या नऊ लाखांच्या देण्यापुढे आठ लाख ठेवणारा माणूस सन्मानाने तडजोडीला बसू शकतो. दोन्ही हिशेबांतील माणूस तोच आणि देणेही तेच आहे, वेळ मात्र बदललेली आहे.

एकरकमी तडजोड करताना काही पथ्ये पाळावीत. मंजुरी लेखी घ्यावी, झेपेल तीच रक्कम व मुदत मान्य करावी, शेवटचा हप्ता दिल्यावर 'देणे बाकी नाही' असा दाखला आणि मूळ दस्त परत घ्यावेत. अशा तडजोडीची नोंद पतअहवालात दिसते आणि पुढचे कर्ज काही काळ अवघड होते, हेही समजून असावे. बँकेने कर्ज 'निर्लेखित' केले म्हणजे ते माफ झाले, असा गैरसमज करून घेऊ नये. ती बँकेच्या ताळेबंदातील नोंद असते, वसुलीचा हक्क कायम राहतो. न्यायालयात जाण्यापूर्वी लोकअदालतीतही तडजोड होऊ शकते. तेथील निवाडा अंतिम असतो व न्यायालय शुल्क लागत नाही.

भीती कशाची बाळगावी, कशाची नाही

कर्जबाजारी माणसाच्या मनात अनेक भीती असतात. त्यांतील काही निराधार आहेत. केवळ पैसा नाही म्हणून प्रामाणिक ऋणकोला तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच स्पष्ट केले. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याचे बैल, अवजारे व राहते घर आणि धार्मिक रीतीप्रमाणे स्त्रीने उतरवू नयेत असे दागिने यांवर जप्ती येत नाही. मंगळसूत्र ओढून नेण्याची धमकी देणारा कायद्याची भाषा बोलत नसतो. मात्र जे स्वतः तारण ठेवले, त्यावर धनकोचा हक्क असतो.

'माझ्यामागे मुलांना फेडावे लागेल' ही सर्वांत खोल भीती. पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे पवित्र कर्तव्य, या तत्त्वावर पूर्वी वसुली होत असे. ९ सप्टेंबर २००५ पासून अंमलात आलेल्या हिंदू उत्तराधिकार सुधारणेने, त्यानंतरच्या कर्जांसाठी, केवळ त्या कारणावरून मुलगा, नातू वा पणतू यांच्याविरुद्ध जाण्याचा मार्ग बंद केला. वारसदाराची जबाबदारी त्याला वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. मुलाने स्वतः जामीनदार वा सहकर्जदार म्हणून सही केली असेल, तरच गोष्ट वेगळी. म्हणून कर्जापायी जीव देऊन मुलांना मोकळे करता येईल, हा विचार सर्वथैव खोटा आहे. कायदा मुलांना आधीच मोकळे ठेवतो. हरवतो तो फक्त बाप.

खरी भीती बाळगावी ती दोन गोष्टींची. पहिली, कोऱ्या धनादेशावर केलेली सही. धनादेश न वटल्यास पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा धनादेशाच्या दुप्पट दंड होऊ शकतो. मागणीची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरण्याची संधी असते, ती दवडू नये. दुसरी, विनापरवाना सावकार. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमाने परवान्याशिवाय सावकारी हा कारावासाचा गुन्हा ठरवला आहे. अशा सावकाराने बळकावलेली स्थावर मालमत्ता परत मिळवण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो.

धनकोही माणूसच असतो

या सर्वांची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. ढोकीचा तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना वर्षानुवर्षे बंद राहिला. त्याच्याकडे जिल्हा मध्यवर्ती बँकेचे कर्ज थकले आणि पुढे तो भाडेतत्त्वावर देण्यात आला. त्या काळात ऊस घालणारा शेतकरी, पगार थकलेला कामगार आणि बँकेचा ठेवीदार या तिघांनीही झळ सोसली. सहकारी संस्थेचे अवसायन सहकार कायद्याच्या कलम १०२ प्रमाणे होते, तेथे मुंबईचे न्यायाधिकरण नसते. पण धडा तोच आहे. उशिरा घेतलेल्या निर्णयाची किंमत लहान माणूस मोजतो. थकलेल्या प्रत्येक कर्जामागे कुणाचीतरी निवृत्तीची ठेव किंवा मुलीच्या लग्नासाठी साठवलेली पुंजी असते.

म्हणूनच ऐपत असून न फेडणारा, कर्जाचा पैसा दुसरीकडे वळवणारा हेतुपुरस्सर कर्जबुडवा, आणि दुष्काळाने किंवा महामारीने खचलेला दुकानदार यांना एका तागडीत तोलणे अन्याय होय. पहिल्यावर कठोर कारवाई झालीच पाहिजे. दुसऱ्याला पुन्हा उभे राहण्याची संधी मिळालीच पाहिजे. दुर्दैव असे की मोठ्या कंपनीला आधुनिक संहिता, मुदती आणि तज्ज्ञ मिळाले आणि तुळजापूरचा दुकानदार अजून १९२० च्या चौकटीकडे पाहत बसला आहे. संहितेचा तिसरा भाग सर्वसामान्य व्यावसायिकासाठी केव्हा लागू होणार, हा प्रश्न लोकप्रतिनिधींना विचारला गेला पाहिजे.

तोपर्यंत समाजाने करण्यासारखे काम हाताशी आहे. प्रत्येक नगरात एखादा निवृत्त बँक अधिकारी असतो, एखादा सनदी लेखापाल असतो, एखादा वकील असतो. महिन्यातून एका सायंकाळी हे तिघे एकत्र बसले आणि अडचणीतल्या व्यावसायिकाला त्यांनी वह्या घेऊन बोलावले, तर अर्धे काम तेथेच होते. देणी आणि येणी एका कागदावर मांडायची, तारण कोणते आणि जामीनदार कोण हे लिहायचे, प्रत्येक नोटिशीवर मुदतीची तारीख नोंदवायची आणि बँकेला द्यायचा अर्ज त्याच रात्री लिहून काढायचा. ज्याला वकिलाचे शुल्क परवडत नाही, त्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे सोबत घेऊन जायचे. मदत मागणाऱ्याचे नाव त्या खोलीबाहेर जाणार नाही, एवढी खात्री मात्र द्यावी लागेल. ती मिळाली तर कपाटात ठेवलेली, न फोडलेली पत्रे माणसे बाहेर काढतील.